कौल आणि हद्दपारी : ब्युनॉस आयर्समधील परकीयांविषयी

परक्या शहरात बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्या माणसाचे प्रश्न कोणत्याही काळात दोनच असतात. तेथे काम मिळेल काय, आणि तेथे आपला जीव, आपली मिळकत, आपली माणसे सुखरूप राहतील काय? या प्रश्नांचा विचार आपण सहसा वेगवेगळा करतो. पहिला अर्थव्यवहाराच्या खाती मांडतो, दुसरा कायदा व सुव्यवस्थेच्या. ब्युनॉस आयर्सचा इतिहास पाहू लागलो की ही मांडणी अपुरी वाटू लागते. दक्षिण अमेरिकेच्या या बंदराने १८५० नंतरच्या आठ दशकांत लाखो परकीयांना रोजगारासाठी बोलावले, आणि त्याच काळात परकीयाला खटल्यावाचून हाकलून देण्याचा कायदाही तेथे झाला. आमच्या मते ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. परकीयाला काम मिळत होते ते कष्टकरी म्हणून. आणि त्याचे अभय जात होते ते बहुधा त्या कष्टांचा मोबदला त्याने एकजुटीने मागितला तेव्हा. हा व्यवहार कायद्याच्या पुस्तकात जसा नोंदलेला आहे, तसाच कादंबऱ्यांत आणि नाटकांतही आहे. एवढेच काय, हद्दपारीच्या कायद्याचा जनक हा अर्जेंटिनातील एका अतिशय लोकप्रिय पुस्तकाचा लेखक आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडावासा वाटला तो त्यामुळेच.

आपल्याकडील जुन्या दप्तरांत नवी पेठ वसवताना दिलेले कौल सापडतात. व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी यावे, घरे बांधावीत, निर्धास्तपणे उदीम करावा. अमुक वर्षे कराचा तगादा होणार नाही, कोणाचा उपसर्ग लागणार नाही, असे ते वचन असते. अर्जेंटिनाची १८५३ची राज्यघटना ही परकीयांच्या दृष्टीने असा एक कौलच होती. तिच्यामागे हुआन बाउतिस्ता आल्बेर्दी यांचा १८५२चा ग्रंथ होता. मुलूख माणसांनी भरणे हेच राज्यकर्त्यांचे पहिले कर्तव्य, असा त्यांचा सिद्धान्त. घटनेच्या प्रास्ताविकाने त्या भूमीत राहू इच्छिणाऱ्या जगातील सर्व माणसांना आपल्या कक्षेत घेतले. विसाव्या कलमाने परकीयाला नागरिकाचे सर्व दिवाणी हक्क दिले : व्यवसाय, मालमत्ता, विवाह, मृत्युपत्र, स्वधर्माचे आचरण. नागरिकत्व घेण्याची सक्तीही त्याच्यावर ठेवली नाही. मात्र पंचविसाव्या कलमात एक विशेषण येऊन बसले. शासनाने उत्तेजन द्यायचे ते युरोपीय स्थलांतराला. ब्युनॉस आयर्स प्रांत त्या वेळी संघराज्याबाहेर होता; १८६० साली तो आत आला आणि ही घटना शहरालाही लागू झाली.

या कौलाचा व्यवहारातील अर्थ निकोलास आवेयानेदा अध्यक्ष असताना, १८७६ साली झालेल्या कायद्याने ठरवला. स्थलांतरित कोणाला म्हणावे, याची त्यातील व्याख्या मुळातून अभ्यासण्याजोगी आहे. साठीच्या आतला, सद्वर्तनी, मजूर, कारागीर, शेतकरी किंवा शिक्षक असलेला, आणि जहाजाच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गाने आलेला माणूस म्हणजे स्थलांतरित. पहिल्या वर्गाचा प्रवासी या व्याख्येत बसत नव्हता. स्थलांतरित ही कायद्याच्या लेखी अशा रीतीने वर्गवाचक संज्ञा झाली. त्याला उतरल्यानंतर पाच दिवस सरकारी खर्चाने निवारा व अन्न, काम शोधून देणारे कार्यालय, आणि कामाच्या ठिकाणापर्यंत मोफत प्रवास, अशा सवलती होत्या. बंदरालगतची स्थलांतरितांच्या निवासाची भव्य इमारत १९११ साली उघडली. सुमारे ३,००० माणसांची सोय असलेले ते निवासस्थान १९५३पर्यंत चालू होते. आज तेथे संग्रहालय आहे.

कौल ऐकून माणसे आली ती अशा संख्येने की शहराचे रूपच पालटले. १८७० ते १९३० या काळात सुमारे ६० लाख माणसे अर्जेंटिनात उतरली. त्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक तेथे राहिली. सर्वांत मोठा भरणा इटालियनांचा, त्याखालोखाल स्पॅनिशांचा. १८६९च्या जनगणनेत ब्युनॉस आयर्सची वस्ती दोन लाखांच्याही आत होती. १९१४ साली ती १५ लाखांवर गेली, आणि तीत जवळजवळ निम्मी माणसे परदेशात जन्मलेली होती. रोजगाराचे आकर्षण किती प्रबळ होते हे एदमोंदो दे आमिचीस यांच्या ‘कुओरे’ (१८८६) या मुलांसाठीच्या पुस्तकातील एका प्रसिद्ध कथेवरून कळते. जेनोआची एक आई घरचे कर्ज फेडण्यासाठी ब्युनॉस आयर्सला मोलकरीण म्हणून जाते. तिची पत्रे थांबतात आणि तेरा वर्षांचा मुलगा एकटाच तिच्या शोधात निघतो. मातृप्रेमाची कथा म्हणून ती जगभर वाचली गेली. कथेचा आधार मात्र मजुरीच्या दरांतील तफावत हा आहे. इटलीतील कष्टकरी बाईला महासागरापलीकडची धुणीभांडी अधिक किफायतशीर वाटावीत, इतकी ती तफावत होती. काही शेतमजूर तर इटलीतील हिवाळ्यात अर्जेंटिनातील गव्हाची कापणी करण्यास येत आणि हंगाम संपताच परतत. गोलोन्द्रीना, म्हणजे पाकोळ्या, हे नाव त्यांना पडले होते.

स्थलांतरिताला बोलावले होते जमीन कसण्यासाठी. मग तो शहरातच का राहिला? जी भूमी ओसाड म्हणून दाखवली जात होती ती ओसाड नव्हती. हुलिओ आर्जेंतिनो रोका यांनी १८७८-७९पासून चालवलेल्या मोहिमांनी दक्षिणेकडील मूळ रहिवाशांना मारून व हुसकावून ती मोकळी करण्यात आली, आणि तिचा फार मोठा भाग मूठभर बड्या जमीनदारांकडे गेला. सांता फे प्रांतासारख्या ठिकाणी शेतकऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या हे खरे. पण पुष्कळांच्या वाट्याला खंडाची शेती किंवा हंगामी मजुरी आली. उरलेले बंदरात, रेल्वेत, इमारतींच्या बांधकामांत, मांसाच्या कारखान्यांत आणि शिवणकामात शिरले. हे काम मुबलक होते, परंतु शाश्वत नव्हते. १८८९ साली दोन लाखांहून अधिक माणसे आली. १८९०च्या आर्थिक कोसळणीनंतर, १८९१ साली, येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांची संख्या जास्त भरली.

या माणसांच्या निवाऱ्याचे नाव कोन्व्हेंतियो. श्रीमंतांनी सोडलेल्या जुन्या वाड्यांत, आणि पुढे मुद्दाम बांधलेल्या चाळवजा इमारतींत, चौकाभोवती एकेक खोली एकेका कुटुंबाला भाड्याने दिलेली असे. नळ, मोऱ्या, शौचकूप सामाईक. मुंबईच्या चाळीची ओळख असलेल्या वाचकाला अधिक सांगायला नको. श्रीमंतांनी वाडे सोडण्यास एक मोठे कारण झाले १८७१च्या पीतज्वराचे. त्या साथीत १३ ते १४ हजार माणसे काही महिन्यांत दगावली. धनिक कुटुंबे शहराच्या उत्तर भागात सरकली, आणि साथीचे खापर फुटले ते दक्षिण भागातल्या दाट वस्तीत मरणाऱ्या इटालियनांवर. कित्येकांना खोल्यांतून बाहेर काढले गेले, कित्येकांची कामे गेली. उरुग्वेचे चित्रकार हुआन मान्वेल ब्लानेस यांनी त्याच वर्षी रंगवलेल्या चित्रात जमिनीवर पडलेली एक मृत स्त्री, तिला बिलगलेले तान्हे मूल आणि दारातून आत येणारे प्रतिष्ठित नागरिक दिसतात. परकीयाच्या असुरक्षिततेचे ते या शहरातील एक आरंभीचे चित्र होय.

मग त्यांना आधार कोणाचा होता? मुख्यतः एकमेकांचा. ‘उनिओने ए बेनेव्होलेन्त्सा’ ही इटालियनांची परस्पर-साहाय्य संस्था १८५८ साली स्थापन झाली. पाठोपाठ अनेक संस्था, रुग्णालये, शाळा निघाल्या. वर्गणी भरणाऱ्याला आजारपणात औषध आणि मेल्यावर मूठमाती मिळे. या व्यवस्थेची एक काळी बाजूही होती. १९०६ साली परस्पर-साहाय्य संस्था म्हणूनच नोंदवल्या गेलेल्या एका मंडळीचा खरा धंदा पूर्व युरोपातून फसवून आणलेल्या तरुण ज्यू स्त्रियांना वेश्याव्यवसायात जुंपण्याचा होता. पुढे ती ‘त्स्वी मिग्दाल’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. शहरातील ज्यू समाजाने तिच्यावर बहिष्कार घातला, आपल्या दफनभूमीतही त्या लोकांना जागा नाकारली. पोलंडहून आलेल्या राकेल लिबेर्मान या स्त्रीने १९२९च्या अखेरीस केलेल्या फिर्यादीमुळे १९३० साली शंभराहून अधिक जणांवर खटला उभा राहिला; बहुतेक सुटले, पण संघटना मोडली. रोजगाराचे आश्वासन हाच स्त्रियांसाठी सापळा कसा ठरू शकतो, याचा हा पुरावा आहे.

साहित्याने या माणसांकडे प्रथम पाहिले ते भीतीने. एउखेनिओ काम्बासेरेस यांच्या ‘एन ला सांग्रे’ (१८८७) या कादंबरीचा नायक एका नेपोलिटन कल्हईवाल्याचा मुलगा आहे. तो शिकतो, उच्च वर्गात शिरू पाहतो, आणि बापाच्या रक्तातील हीनपणा त्याला नीच कृत्यांकडे नेतो, असे लेखकाचे प्रतिपादन. निसर्गवादाची आनुवंशिकतेची कल्पना येथे वर्गाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभी केलेली आहे. काम्बासेरेस यांचे वडील स्वतः फ्रान्सहून आलेले, पण धनवान. खुलियान मार्तेल यांच्या ‘ला बोल्सा’ (१८९१) या कादंबरीने आर्थिक कोसळणीचा दोष ज्यूंच्या माथी मारला, तोही शहरात ज्यूंची वस्ती अगदी तुरळक असताना. संकट आले की परकीयाकडे बोट दाखवायचे, ही रीत मग कायम झाली.

आता मिगेल काने यांच्याकडे वळू. त्यांचे ‘हुवेनीलिया’ (१८८४) हे शाळकरी आठवणींचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या आवडीने वाचले गेले. शहराच्या राष्ट्रीय विद्यालयातील वसतिगृह, मुलांच्या खोड्या, शिक्षकांविषयीची कृतज्ञता यांचे ते प्रसन्न, स्मृतिरम्य चित्रण. याच काने यांनी १८९९ साली सिनेटमध्ये परकीयांच्या हद्दपारीचे विधेयक मांडले. नोव्हेंबर १९०२ मध्ये सार्वत्रिक संपाने बंदर थांबले तेव्हा ते घाईघाईने संमत झाले. क्रमांक ४१४४चा हा कायदा निवासाचा कायदा म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय सुरक्षिततेला बाधा आणणाऱ्या वा सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या कोणाही परकीयाला सरकारने देशाबाहेर घालवावे. त्यासाठी न्यायालयाची गरज नाही. मुदत तीन दिवस. अध्यक्षपदी त्या वेळी, दुसऱ्यांदा, रोका होते. मूळ रहिवाशांना हुसकावणारी आणि संपकरी परकीयाला हाकलणारी राजवट अशी एकाच माणसाच्या नावाशी जोडली गेली. काने यांचा स्वतःचा जन्म १८५१ साली मोन्तेव्हिदेओत झाला होता, कारण रोसास यांच्या हुकूमशाहीमुळे त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला होता. निर्वासिताच्या घरात जन्मलेल्या माणसाने हद्दपारीचा कायदा लिहावा, यातील विसंगतीवर नुसते हसून भागत नाही. ‘हुवेनीलिया’तील ‘आम्ही’ ज्या जिव्हाळ्याने भारलेले आहे, तो जिव्हाळा एका बंदिस्त वर्तुळातला आहे. त्या वर्तुळाबाहेरची गर्दी लेखकाला आपले घर बळकावणारी वाटत होती. पुस्तक आणि कायदा शेजारी ठेवून वाचले, तर स्मरणरंजन हे राजकीयदृष्ट्या किती निरुपद्रवी असते, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही.

कायद्याचा वापर पुढे सातत्याने झाला. १९०७ साली भाडेवाढीविरुद्ध कोन्व्हेंतियोंतील भाडेकरूंनी संप पुकारला. लाखाच्या वर माणसे त्यात होती. बायका आणि मुले केरसुण्या घेऊन रस्त्यावर उतरली. रामोन फाल्कोन हे पोलीसप्रमुख होते. भाडेकरूंना हुसकावण्यासाठी पाण्याचे फवारे वापरले गेले आणि पुढाऱ्यांपैकी काहींना निवासाच्या कायद्याखाली देशाबाहेर काढण्यात आले. १ मे १९०९ रोजी मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नोव्हेंबरात सिमोन रादोवित्स्की या युक्रेनहून आलेल्या तरुण अराज्यवाद्याने बाँब टाकून फाल्कोन यांना ठार केले. १९१०च्या नव्या कायद्याने बंधने आणखी आवळली. जानेवारी १९१९ मध्ये वासेना यांच्या धातूच्या कारखान्यातील कामगार आठ तासांचा दिवस आणि पगारवाढ मागत होते. त्या संपाचे पर्यवसान ‘शोकांतिकेचा आठवडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हत्याकांडात झाले. मृतांची संख्या शेकड्यांत गेली. सशस्त्र नागरिकांच्या टोळ्या ओन्से या ज्यू वस्तीत शिरल्या, घरे व वाचनालये जाळली, रस्त्यातल्या माणसांना मारहाण केली. त्यांच्या लेखी ‘रशियन’, ‘ज्यू’ आणि ‘क्रांतिकारक’ हे समानार्थी शब्द होते. पिनी वाल्ड या पत्रकाराला अर्जेंटिनातील सोव्हिएत सरकारचा नियोजित अध्यक्ष ठरवून अटक झाली, छळ झाला. त्याने १९२९ साली यिद्दिशमध्ये लिहिलेले ‘कोशमार’, म्हणजे दुःस्वप्न, हे निवेदन साक्षीसाहित्याचा महत्त्वाचा नमुना आहे. शहरात घडलेली गोष्ट शहराच्या भाषेत न लिहिता मायबोलीत लिहावीशी वाटली, यातही काही अर्थ आहे.

दरम्यान १९१२च्या कायद्याने पुरुष नागरिकांना गुप्त व सक्तीचे मतदान मिळाले. ते नागरिकांपुरते असल्याने राजधानीतील प्रौढ पुरुषांपैकी निम्म्याहून बरेच अधिक लोक त्याबाहेर राहिले. १८५३च्या घटनेतील औदार्याची ही दुसरी बाजू. नागरिकत्वाची सक्ती नाही म्हणून फारच थोड्यांनी ते घेतले, आणि मत नाही म्हणून संपाखेरीज बोलण्याचे साधन उरले नाही.

स्थलांतरितांच्या मुलांनी लिहायला घेतले तेव्हा भीतीची जागा आतल्या माहितीने घेतली. आर्मान्दो दिसेपोलो हे नेपोलिटन संगीतकाराचे पुत्र. त्यांच्या ‘मातेओ’ (१९२३) या नाटकातील इटालियन टांगेवाल्याचा धंदा मोटारींनी बुडतो आणि उपासमारीने तो गुन्ह्याकडे ढकलला जातो. मातेओ हे त्याच्या घोड्याचे नाव. ‘स्तेफानो’ (१९२८) मधला वादक थोर संगीतिका लिहिण्याचे स्वप्न घेऊन आलेला, वाद्यवृंदात पोटापुरते वाजवता वाजवता ते वाजवणेही गमावून बसलेला. आईबापांना त्याने याच स्वप्नाच्या भरवशावर गाव सोडायला लावले होते. प्रेक्षक आधी हसतात ते या पात्रांच्या कोकोलिचेला, म्हणजे इटालियन-स्पॅनिशच्या धेडगुजरी बोलीला. आणि मग ते हसू घशात अडकते. रोबेर्तो आर्ल्त यांचे वडील प्रशियाचे, आई त्रिएस्तची. ‘एल हुगेते राबिओसो’ (१९२६) मधला सिल्विओ हा हुशार, वाचनवेडा पोरगा सैन्याच्या विमानविद्यालयात शिकाऊ म्हणून लागतो आणि चार दिवसांत काढला जातो. तेथे बुद्धिमंत नको आहेत, कामाला जुंपता येतील अशी जनावरे हवी आहेत, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. शहराने परकीयाशी केलेल्या करारातले अलिखित कलम या एका प्रसंगात उघड झाले आहे.

पुढे कौलही आखडला. १९३०नंतर प्रवेश कठीण होत गेला. १९३८ साली परराष्ट्रखात्याच्या एका गुप्त परिपत्रकाने वकिलातींना निर्वासितांस, म्हणजे व्यवहारात युरोपातून पळणाऱ्या ज्यूंना, व्हिसा नाकारण्यास सांगितले. ते औपचारिकरीत्या रद्द झाले २००५ साली. ऑगस्ट १९३९ मध्ये पोलिश लेखक व्हितोल्ड गोम्ब्रोव्हिच सफरीला म्हणून या बंदरात उतरला, थोड्याच दिवसांत युद्ध पेटले, आणि तो १९६३पर्यंत तेथेच राहिला. त्यातली काही वर्षे त्याने एका पोलिश बँकेत कारकुनी केली. त्याला जगू देणारे शहर आणि इतरांना दार लावणारे शासन हे एकाच काळातले.

निवासाचा कायदा १९५८ साली रद्द झाला. २००४ साली अमलात आलेल्या कायद्याने स्थलांतर हा मानवी हक्क मानला. मे २०२५ मधील अध्यक्षीय आदेशाने प्रवेश, निवास आणि मोफत वैद्यकीय सेवा यांवर पुन्हा मर्यादा घातल्या. येणारी माणसे आता बोलिव्हिया, पाराग्वे, पेरू, व्हेनेझुएला येथील आहेत. मार्च २००६ मध्ये लुईस व्हियाले या रस्त्यावरील शिवणकामाच्या कारखान्यात आग लागून सहा बोलिव्हियन व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत बहुतेक मुले होती, कारण कामगारांची कुटुंबे त्याच इमारतीत राहत होती. त्यांना काम होते, डोक्यावर छप्पर होते. अभय नव्हते.

लॅटिन अमेरिकन साहित्य आपण वाचतो, शिकवतो, ते बहुधा बोर्हेस आणि कोर्तासार यांच्यापासून. त्यांच्या शहरातील अनेक भाषांची, अनेक वंशांची सरमिसळ आपल्याला विलोभनीय वाटते. ती सरमिसळ घडवणाऱ्या माणसांनी तिची किंमत कशी मोजली, हे दिसायचे असेल तर त्या अभ्यासक्रमात दिसेपोलो, आर्ल्त आणि वाल्ड यांना जागा हवी, आणि ‘हुवेनीलिया’ शिकवताना बाजूला ४१४४ क्रमांकाचा कायदाही उघडा हवा. आर्ल्त यांच्यावर त्यांच्या समकालीनांचा आक्षेप होता की त्यांना नीट लिहिता येत नाही. शैली कमावायला फुरसद लागते आणि आपण वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या धबडग्यात लिहीत आलो, असे त्यांचे १९३१ सालचे उत्तर होते. हा आक्षेप आणि हे उत्तर दोन्ही आपल्या वर्गात चर्चेला यावेत. अर्जेंटिनाच्या घटनेतील विसावे आणि पंचविसावे कलम आजही शब्दशः तसेच आहे. पहिले सर्व परकीयांविषयी बोलते, दुसऱ्यात ‘युरोपीय’ हा शब्द कायम आहे. या दोन कलमांच्या मध्ये जो राहतो त्याचे साहित्य कोणते, हे शोधणे हे आपले काम आहे.